आधी टेबल, मग टीव्ही



गणेशोत्सवातल्या कॅरम स्पर्धेला यंदा तरुण गटात नावे कमी आली. चौकशी केली तेव्हा कळले की आपलीच मुले संध्याकाळी विजयनगर नाहीतर भंवरकुआँच्या बाजूला पूल खेळायला जातात. मग बैठकीत एका सभासदांनी सुचवले, खालचा हॉल वर्षातले बरेच दिवस बंदच असतो, तर तिथे एक पूलचे टेबल का ठेवू नये? लगेच मागून आवाज आला, "म्हणजे मंडळात आता अड्डा चालवायचा का?" थोडा हशा झाला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

आम्हाला दोन्ही बाजू कळतात. आज जगभर पूल तरुणांपर्यंत आणि टीव्हीच्या प्रेक्षकांपर्यंत नेण्याची धडपड चालली आहे. तिच्याकडे पाहिले तर आपल्या हॉलचा प्रश्न सोडवायलाही मदत होईल, म्हणून हा लेख.

आधी थोडा घरचा इतिहास. पूलचा भाऊबंद असलेला स्नूकर आपल्याच मध्य प्रदेशातला, जबलपूरचा. १८७५ साली तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू मांडून तो सुरू केला, असे मानले जाते. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे.) १९५८ मध्ये पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक जागतिक विजेते म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवणारा पंकज अडवाणी हाही जन्माने पुण्याचाच. महिलांच्या स्नूकरमध्ये राष्ट्रीय विजेती ठरलेली अमी कमानी तर आपल्या इंदूरची.

एवढे असूनही आपल्यापैकी किती जणांनी हातात क्यू धरला आहे? बिलियर्ड्स आणि स्नूकर आपल्याकडे वाढले ते क्लब आणि जिमखान्यांत. बारा फूट लांब टेबल, सभासदत्व, ठरावीक पोशाख. विजेते झाले, पण खेळ गल्लीत उतरला नाही. पूलचे टेबल लहान असते, ते तासाच्या भाड्याने मिळते आणि चपला घालून आलेल्या मुलालाही कोणी अडवत नाही. त्यात मोबाईलवरच्या 'एट बॉल पूल' या गेमने लाखो मुलांना हा खेळ टेबल पाहण्याआधीच शिकवला. एरवी क्लबच्या दारातून परत फिरला असता असा मुलगा पूलमुळे या खेळांत येतो आहे.

आता टीव्हीचे पाहू. टीव्हीमुळे खेळ मोठा होतो याचे जुने उदाहरण स्नूकरचेच आहे. १९६९ मध्ये बीबीसीने 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम सुरू केला. रंगीत टीव्ही नवा होता आणि रंग दिसल्याशिवाय मजा नाही असा खेळ हवा होता. तेव्हा बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीचे प्रमुख होते डेव्हिड अ‍ॅटनबरो, पुढे निसर्गपटांमुळे घराघरांत पोचलेले तेच. तासन् तास चालणाऱ्या सामन्याऐवजी त्यांनी फक्त एक डाव दाखवला. सोळा वर्षांनी, १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस शेवटच्या डावाच्या शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत झुंजले, तेव्हा मध्यरात्र उलटून गेल्यावरही ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक जागे राहून ते पाहत होते.

पूलची, विशेषतः नाइन बॉलची, मांडणी टीव्हीला याहून सोयीची आहे. टेबलावर एक ते नऊ क्रमांकाचे चेंडू. सर्वांत कमी क्रमांकाच्या चेंडूला आधी मारायचे. नऊ क्रमांकाचा चेंडू नियमाने ज्याने पॉकेटमध्ये घातला, तो डाव जिंकला. मधले कोणी किती घेतले याचा हिशेबच नाही. घरी कॅरम खेळलेल्या आजीला हे दोन मिनिटांत कळेल. डाव काही मिनिटांत संपतो, आणि हरणारा माणूस शेवटच्या चेंडूपर्यंत हरलेला नसतो. मॅचरूम या ब्रिटिश कंपनीने आपल्या स्पर्धांत प्रत्येक फटक्याला तीस सेकंदांचे घड्याळ लावले. १९९४ पासून भरणाऱ्या मॉस्कोनी चषकात युरोप विरुद्ध अमेरिका अशी सांघिक लढत ठेवली आणि एरवी शांत बसणाऱ्या प्रेक्षकांना ओरडायची मोकळीक दिली. २०२४ पासून जागतिक पूल स्पर्धा जेद्दाहमध्ये भरते आहे. तिथे एकूण बक्षीस दहा लाख डॉलर आणि विजेत्याला अडीच लाख. २०२५ मध्ये ती फिलिपिन्सच्या कार्लो बियाडोने जिंकली.

हे सगळे वाचून वाटेल की आपल्याकडेही एखादी झगमगीत लीग काढली की काम झाले. तसा प्रयत्न झालेला आहे. २०१७ मध्ये अहमदाबादला 'क्यू स्लॅम' नावाची लीग भरली होती. शहरांच्या नावांचे संघ, देशी-विदेशी खेळाडू, सहा लाल चेंडूंचे छोटे स्नूकर आणि नाइन बॉल पूल असा टीव्हीजोगा घाट, सगळे होते. पंकज अडवाणीही खेळला. तरी ती लीग रुजली नाही.

मग कबड्डी कशी रुजली? २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा तिनेही मॅट आणला, चढाईला तीस सेकंद ठेवले, दिव्यांचा झगमगाट केला. पण टीव्हीसमोर बसलेल्या माणसाने लहानपणी मातीत दम घुमवलेला होता. पकड कशी होते आणि बोनस कधी मिळतो हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. कॅमेरा आला तेव्हा प्रेक्षक तयार होता. 'पॉट ब्लॅक'चेही तेच. ब्रिटनमध्ये कामगारांच्या क्लबांत स्नूकरची टेबले आधीपासून होती. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस १९९९ मध्ये कार्डिफला जागतिक विजेता झाला, पण तो घडला मनिलातल्या आपल्या काकांच्या पूल हॉलमध्ये, लहानपणी तिथे कामे करता करता. टीव्हीने या सगळ्यांना मोठे केले हे खरे, पण टेबल आधी होते. आपल्याकडे टीव्ही आधी आला. ज्याने कधी क्यू धरला नाही, त्याला तो फटका किती अवघड होता हे समालोचक किती वेळ सांगणार?

म्हणजे प्रश्न पुन्हा टेबलावर येतो, आणि तिथेच बैठकीतला तो आवाज आठवतो. "अड्डा" हा शब्द उगीच आलेला नाही. 'पूल' या नावातच पैजेचा वास आहे. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायच्या जागांना पूलरूम म्हणत. शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तिथे टेबले ठेवली आणि नाव खेळाला चिकटले. पुढे 'द हसलर' (१९६१) आणि 'द कलर ऑफ मनी' (१९८६) या चित्रपटांनी खेळाला गर्दी मिळवून दिली, पण नायक दोन्हीकडे पैशावर खेळणारा. आपल्याकडच्या पार्लरांविषयीही पालकांचे म्हणणे हेच असते: सिगारेटचा धूर, हरेल त्याने बिल भरायचे, आणि मुलींना तिथे मोकळे वाटत नाही. प्रत्येक पार्लर असे नसते. पण आईवडिलांना खात्री नसते, आणि खात्री नसली की ते मुलीला पाठवत नाहीत. मुलगा मात्र न सांगता जातो.

दुसरी अडचण भविष्याची. १९९८ ते २०१० या काळात आशियाई खेळांत क्यूचे खेळ होते. १९९८ मध्ये गीत सेठी आणि अशोक शांडिल्य यांनी, २००६ आणि २०१० मध्ये पंकज अडवाणीने बिलियर्ड्सचे सुवर्ण आणले. २०१४ पासून हे खेळ तिथून वगळले गेले. ऑलिंपिकमध्ये ते कधीच नव्हते. त्यामुळे "पुढे काय?" या आईवडिलांच्या प्रश्नाला आज ठोस उत्तर नाही, आणि ते आहे असे सांगून कोणाची दिशाभूल आम्हाला करायची नाही. कॅरम खेळून तरी आपल्यापैकी किती जणांचे पोट भरले? तरी आपण पिढ्यान् पिढ्या खेळलो. त्या बोर्डाभोवती आजोबा आणि नातू समोरासमोर बसत, म्हणून खेळलो.

आमचे मत असे की टेबल आणावे. बारा फुटी नव्हे, सात फुटी. क्यू जवळजवळ पाच फुटांचा असतो, तेव्हा चारही बाजूंनी हात मोकळा राहायला साधारण सोळा फूट लांब आणि तेरा फूट रुंद जागा लागते. तेवढी खालच्या हॉलमध्ये आहे. चांगल्या टेबलाखाली दगडी पाटी असल्याने ते जड असते, म्हणून तळमजलाच बरा. पैजेला आणि धूम्रपानाला पूर्ण बंदी. वेळ ठरलेली, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत कमी केलेली. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी फक्त मुलींसाठी. आणि रोज एक तरी ज्येष्ठ सभासद तिथे हजर हवा. पहारा द्यायला नव्हे, खेळायला. कॅरममध्ये ज्यांचा रिबाउंड आजही चुकत नाही, त्यांना कुशनवरून चेंडू कसा परततो हे मुलांपेक्षा लवकर कळेल.

विरोध करणाऱ्या सभासदांना आमची विनंती एवढीच: मुले पूल खेळणारच आहेत. ती कुठे आणि कोणाच्या सोबतीने खेळतील, एवढेच आपल्या हातात आहे. खर्चाचा अंदाज मागवला आहे, तो पुढच्या बैठकीत मांडू. त्या बैठकीला येताना घरातल्या मुलामुलींनाही आणा. या विषयावर त्यांना अजून कोणी विचारलेलेच नाही.