रिकाम्या घरट्यांचे मोल

पश्चिम केनियातील काकामेगाचे वर्षावन समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील अनाफे पांडा हा पतंग रेशीम देतो. मात्र त्याची रीत तुती वा टसर रेशीमकिड्यांपेक्षा वेगळी. मादी पुंजक्याने अंडी घालते, अळ्या ब्रायडेलिया मायक्रान्था या वृक्षाच्या पानांवर समूहाने वाढतात, रांगेने चालतात आणि अखेरीस सर्व मिळून तपकिरी रेशमाचे एकच घरटे विणतात. त्या घरट्यात प्रत्येकीचा स्वतंत्र कोष असतो. आपल्या रानातला असाणा याच ब्रायडेलिया प्रजातीतला.

लहान अळ्यांना भक्षक कीटक व पक्ष्यांपासून मोठा धोका असतो. म्हणून नैरोबीच्या 'इसिपे' या कीटकशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी काकामेगात फांद्यांना जाळीच्या पिशव्या बांधून पाहिल्या. अळ्या जगण्याचे प्रमाण वाढले. टसरच्या कोवळ्या अळ्यांना नायलॉन जाळीखाली वाढविणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. जाळीचे महत्त्व मला मान्य आहे, तथापि माझ्या मते खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: घरटे केव्हा काढावयाचे?

टसरचा अखंड धागा हवा असेल तर पतंग बाहेर पडण्यापूर्वी कोष वाफवावे लागतात. अनाफेच्या घरट्यातून असा धागा उकलताच येत नाही. ते उकळून, डिंक काढून, कापसासारखे कातावे लागते. मग पतंगाने कोष भेदला तरी बिघडते काय? एरीचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. पतंग उडून गेल्यावर उरलेले घरटे कातण्यास चालते आणि पुढची पिढीही वनात राहते. भरलेले घरटे तोडण्यास तांत्रिक कारण उरत नाही. (घरटे भरलेले असो वा रिकामे, त्यातील अळ्यांच्या केसांनी तीव्र खाज सुटते, हातमोजे आवश्यकच.)

कारण उरते ते माणसांचे. सामाईक वनात आज सोडलेले घरटे उद्या दुसरा नेईल, ही भीती अवास्तव नाही. ती केवळ प्रबोधनाने जाणार नाही. जाळी बांधणाऱ्या कुटुंबाचा त्या झाडावरील हक्क गावाने मान्य करावा आणि खरेदीदाराने रिकाम्या घरट्यास अधिक दर द्यावा. वन्य रेशमाच्या योजनांत कोषांच्या वजनाचा रकाना असतोच. त्याशेजारी पतंग निघून गेलेल्या घरट्यांचाही एक असावा.