धमनी, शीर आणि आपली ‘नस’

मालव्यात वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाला एका शब्दाशी रोज गाठ घ्यावी लागते. तो शब्द म्हणजे ‘नस’. रुग्ण तराण्याचा वा महिदपूरचा शेतकरी असो, की टॉवर चौकाच्या आसपास राहणारे आपलेच एखादे निवृत्त गृहस्थ असोत, तक्रार बहुधा याच शब्दाने सुरू होते. ‘नस दब गई’, ‘नस चढ गई’, ‘नस फूल गई’, ‘दिमाग की नस फट गई’, ‘दिल की नस बंद हो गई’. वाक्ये पाच, शब्द एकच. परंतु पहिल्या वाक्यातील नस म्हणजे मज्जातंतू, दुसऱ्यातील नस म्हणजे प्रत्यक्षात पोटरीचा आखडलेला स्नायू, तिसऱ्यातील शीर, आणि चौथ्या-पाचव्यातील धमनी. मराठी घरांत ‘नस’च्या जागी ‘शीर’ येते, पण गोंधळ तोच राहतो. मान अवघडली तरी आपण शीर दुखावली म्हणतो, आणि हातावर फुगून दिसते तीही शीरच.

मज्जातंतूचा प्रश्न स्वतंत्र आहे, तो येथे बाजूला ठेवतो. प्रस्तुत लेखात धमनी आणि शीर या दोन सख्ख्या शेजारणींतील भेदाविषयी लिहावयाचे आहे. हा भेद केवळ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभणारा आहे, रुग्णाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे आपल्यातील काही मित्रांचे मत मी ऐकले आहे. ते मला मान्य नाही.

पायाचेच उदाहरण घेऊ. दोन रुग्ण एकाच सकाळी येतात, दोघेही सांगतात, ‘पैर की नस में तकलीफ है’. पहिला अनेक वर्षे विडी ओढणारा. शंभर-दोनशे पावले चालला की पोटरीत कळ येते, थांबले की काही मिनिटांत ओसरते. रोग पुढे गेला असेल तर रात्री पाय दुखून झोप मोडते आणि पाय पलंगाखाली लोंबता सोडला की बरे वाटते. ही धमनीची व्यथा. पायाकडे रक्त पोहोचतच नाही. दुसरी व्यक्ती दिवसभर दुकानात वा ओट्यापाशी उभी राहणारी. संध्याकाळपर्यंत पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, त्वचेखाली वेटोळी दिसू लागतात, आणि पाय उशीवर उंच ठेवले की आराम पडतो. ही शिरेची व्यथा. येथे रक्त पोहोचते, पण झडपा निकामी झाल्याने नीट परतत नाही.

आता उपचार पाहा. दुसऱ्या रुग्णाला आपण पाय उंच ठेवायला आणि घट्ट मोजे वापरायला सांगतो. तेच मोजे पहिल्याच्या पायावर चढले तर आधीच उपाशी असलेल्या पायाचे उरलेसुरले रक्तही तोडले जाईल. जखमा आणि प्रसंगी कोथ इथपर्यंत पाळी येऊ शकते. रोगाचे नाव मात्र दोघांच्या तोंडी एकच असल्याने, एकाला लागू पडलेला इलाज शेजारी दुसऱ्याला मोठ्या आपुलकीने सांगतो. माझ्या पाहण्यात असा एक पाय आला होता. शेजाऱ्याच्या सल्ल्याने आठवडाभर आवळून बांधलेला, बोटे थंडगार आणि काळवंडलेली. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्याजवळ दोन शब्द नव्हते, एकच होता.

तिसरा प्रकार याहून घातक. एकाच पायाची पोटरी अचानक सुजते, ठणकते, गरम लागते. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी ‘नस बसवणाऱ्या’कडे नेऊन मालिश केली, तर ती गुठळी सुटून हृदयाच्या उजव्या बाजूने थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकण्याचा धोका असतो. आखडलेल्या स्नायूला मालिशने बरे वाटते हे खरे, म्हणूनच त्या माणसाची ख्याती टिकून राहते.

भेद सांगायचा तर कसा सांगावा? येथे मला आपल्या मराठी परिभाषेविषयी थोडी तक्रार करावयाची आहे. मराठी पाठ्यपुस्तकांनी आणि मराठी विश्वकोशाने आर्टरीला ‘रोहिणी’ आणि व्हेनला ‘नीला’ म्हटले. शब्द मोठे गोड आहेत. पण एक लाल आणि दुसरी निळी, असा रंगावरून केलेला हा भेद शरीराच्या कसोटीला उतरत नाही. शिरेतील रक्त निळे नसते, गडद लाल असते. निळेपणा हा त्वचेतून दिसणारा आभास आहे. शिवाय फुप्फुसाकडे जाणारी धमनी प्राणवायू कमी झालेले गडद रक्त नेते, आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा उजळ रक्त आणतात. गर्भाच्या नाळेतील शीर तर मातेकडून बाळाला प्राणवायूयुक्त रक्त पोहोचवते. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ रक्तवाहिनी ही जुनी जोडी याच ठेचेला अडखळते. रंग पाहू नये, दिशा पाहावी: हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे परत आणते ती शीर. धमनीची भिंत जाड आणि लवचीक, कारण तिला हृदयाचा प्रत्येक ठोका सोसावा लागतो. शिरेची भिंत पातळ, दाब नाममात्र, आणि हातापायांच्या शिरांत रक्त मागे घसरू नये म्हणून झडपा. शिरा ताणून ओरडणे हा आपला वाक्प्रचार या दृष्टीने अगदी अचूक आहे. ओरडताना छातीतील दाब वाढतो, रक्ताचा परतीचा मार्ग तुंबतो आणि मानेवर फुगतात त्या शिराच.

रोहिणी-नीला या नावांची आणखी एक गंमत आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात सातशे सिरा सांगितल्या आहेत आणि त्यांचे चार वर्ग केले आहेत. वाताच्या अरुण, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी, प्रत्येकी १७५. म्हणजे तेथे रोहिणी आणि नीला या दोन्ही सिराच ठरतात! उलट धमनीसाठी सुश्रुताने स्वतंत्र अध्याय दिला आहे. सिरा, धमनी आणि स्रोतस या तिन्ही वस्तू एकच आहेत असे म्हणणारा पक्ष त्या काळीही होता. सुश्रुत त्याचे मत मांडतो आणि खोडून काढतो: लक्षणे वेगळी, मूळ संख्या वेगळी, कार्य वेगळे आणि शास्त्राचे वचनही वेगळे, जवळजवळ असल्यामुळे व सूक्ष्म असल्यामुळे त्या एकच भासतात इतकेच. आपल्या दवाखान्यात रोज होणारा वाद किती जुना आहे, हे पाहून मला मौज वाटते. चरकाने तर व्युत्पत्तीतूनच भेद दाखवला: धमते ती धमनी, सरते ती सिरा. भात्यासारखी फुगणारी आणि संथ वाहणारी. शार्ङ्गधराने अंगठ्याच्या मुळाशी ज्या ठिकाणी नाडी पाहावयास सांगितली, तेथेही त्याने धमनी हाच शब्द योजला.

अर्थात सुश्रुताची धमनी म्हणजे हुबेहूब आजची आर्टरी, असा दावा मी करणार नाही. त्याच्या चोवीस धमन्या नाभीपासून निघतात आणि शब्द, स्पर्श, रूप यांचेही वहन करतात. त्यांत आजच्या मज्जातंतूंची कामेही मिसळली आहेत. ग्रीक वैद्यांचेही काही वेगळे नव्हते. धमन्यांत वायू असतो अशी त्यांच्यातील अनेकांची समजूत होती आणि ती गेलेनने प्रयोगाने खोडली. दोन्ही वाहिन्या मिळून एकच फेरा पुरा करतात, हे विल्यम हार्वेने १६२८ मध्ये सिद्ध केले, आणि धमनी संपून शीर जेथे सुरू होते त्या केशवाहिन्या १६६१ मध्ये माल्पिघीला सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. जुन्या शब्दांत नवा अर्थ भरला गेला आहे. तसा तो भरण्यास हरकत नाही, कारण धडधडणे आणि सरणे हा मूळचा भेद आजही खराच आहे.

म्हणून उज्जैनसारख्या गावी आपण रोहिणी-नीला सोडून धमनी-शीर हीच जोडी वापरावी, असे माझे मत आहे. एक कारण व्यवहाराचे. हिंदीत धमनी आणि शिरा हेच शब्द रूढ आहेत. आपली मुले-नातवंडे हिंदी वा इंग्रजी शाळेत शिकली, त्यांना रोहिणी हे नक्षत्र ठाऊक असते, रक्तवाहिनी नव्हे. दुसरे कारण अधिक गंभीर. आयुर्वेदात रोहिणी हे घशाच्या एका दारुण रोगाचे नाव आहे आणि हिंदीत तोच शब्द डिप्थीरियासाठी, म्हणजे आपल्या घटसर्पासाठी, वापरला जातो. येथील धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्यासमोर ‘रोहिणीचा विकार’ म्हटले तर तो रुग्णाचा घसा पाहू लागेल, आणि चूक त्याची नसेल. ‘शिरा’ या रूपाची अडचण मात्र मी कबूल करतो. मराठी कानाला तो प्रथम सत्यनारायणाच्या प्रसादाचाच वाटतो. एकवचनी ‘शीर’ म्हटले की ती अडचण बहुतांशी सुटते.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एम.बी.बी.एस.च्या प्रथम वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांत शरीररचनाशास्त्राचेही पुस्तक आहे आणि पारिभाषिक संज्ञा बहुतेक इंग्रजीच, फक्त देवनागरीत लिहिलेल्या. विद्यार्थ्यासाठी हे सोयीचे आहे, त्याला पुढे जगभरचे वाङ्मय वाचावयाचे असते. पण ‘आर्टरी’ आणि ‘वेन’ देवनागरीत लिहिल्याने रुग्णाच्या ‘नस’मध्ये काही फरक पडत नाही. तो भाषांतराचा भार डॉक्टरवरच राहतो, आणि तो आपण सहसा उचलत नाही. ‘हाँ, नस में ब्लॉकेज है’ म्हणून मोकळे होतो.

बायपासच्या वेळी याचा अनुभव हमखास येतो. ‘पायाची नस काढून हृदयाला लावणार’ असे ऐकले की नातेवाईक घाबरतात. पायाचे काय होणार? त्यांना सांगावे की काढतात ती त्वचेखालची शीर, पायाची धमनी नव्हे; खोल शिरा परतीचे काम सांभाळून घेतात. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलँड येथे ही पद्धत प्रस्थापित केली, तेव्हापासून ती शीर उलटी फिरवून जोडतात, नाहीतर तिच्या झडपाच रक्ताला अडवतील. परतीच्या वाटेवरच्या पातळ भिंतीच्या नळीला धमनीच्या दाबाखाली राबावे लागते, म्हणून ती कालांतराने खराब होण्याचा संभव छातीच्या आतील धमनीपेक्षा अधिक असतो. इतके समजावले की शस्त्रक्रियेनंतर तंबाखू का सोडायची आणि गोळ्या का चालू ठेवायच्या, हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन शब्द आणि पाच मिनिटे एवढाच खर्च.

आपल्या मंडळाच्या पुढील आरोग्य शिबिरासाठी माझी एक सूचना आहे. नावनोंदणीच्या कागदावर पायाच्या तक्रारीपुढे ‘नस’ असे लिहून न घेता दोन प्रश्न छापावेत: चालल्यावर दुखते की उभे राहिल्यावर? पाय उंच केल्यावर बरे वाटते की खाली सोडल्यावर? प्रश्न हिंदीत असावेत, मराठीतही असावेत, आणि उत्तराखाली तपासणाऱ्याने ‘धमनी’ किंवा ‘शीर’ असे स्वच्छ अक्षरांत लिहून तो कागद रुग्णाच्या हाती द्यावा.