कॅड शिकायचं म्हणजे फक्त सॉफ्टवेअरची बटणं पाठ करायची का?

धाराशिव शहरात तेरणा आणि तुळजापुरात देवस्थानाने उभारलेलं तुळजाभवानी, ही जिल्ह्यातली जुनी इंजिनिअरिंग कॉलेजं. मेकॅनिकलला कॅड टाळता येत नाही.

सॉलिड मॉडेलिंग म्हणजे काय?
नुसतं थ्रीडी चित्र नव्हे. धातूची घनता दिली की मॉडेल वजन सांगतं. भोकाचा व्यास बदलला की ड्रॉइंगही बदलतं.

अडचण कुठे?
लॅबचा तास संपला की सराव थांबतो. व्यावसायिक लायसन्स महाग. फ्रीकॅड मात्र पूर्ण मोफत; त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली.

नोकरीचं काय?
जाहिरातीत सॉफ्टवेअरचं नाव असतं. पण कोणतं माप कशावर अवलंबून, हा विचार सगळीकडे तोच. म्हणून परीक्षेत एक माप बदलायला सांगा. मॉडेल तुटलं, तर शिकणं अजून बाकी आहे.