मागच्या सीटवरचा आवाज

आमच्या दारात 1984 ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. आप्पांनी ती घेतली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आता आपलीही काढून टाका." 2021 च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नाशी गाठल्याशिवाय गाडीला 'विंटेज' म्हणता येत नाही. म्हणजे आमची ना तरुण, ना मानाची म्हातारी. साधारण माझ्यासारखीच!

तर गेल्या पावसाळ्यानंतर आप्पा म्हणू लागले, "गाडीत काहीतरी दणकतंय." आप्पांचं वय 78, कानाला यंत्र. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मी चालवतो आणि ते मागे डावीकडे बसतात. मला काही ऐकू येईना. वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारा माणूस मी! "यंत्राचा सेल बदलू या," म्हणालो. आप्पा गप्प झाले. पण धारवाडची आमची सौभाग्यवती एकदा मागे बसली नि म्हणाली, "मावार हेळोदु खरे ऐति री. सप्पळ बरतैति."

दोन मतं पडल्यावर उद्यमबागेतल्या मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांची पद्धत बघण्यासारखी. गाडी उभी ठेवून रेस दिली. आवाज वाढला तर इंजिनचा. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावली, अगदी डॉक्टरांच्या नळीसारखी. टॅपेट कटकटत होते, ते फिलर गेज घालून बसवले. सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला होता, तो आवळला. चालत्या गाडीत न्यूट्रल टाकून पाहिलं. निघताना 'टक्' होतं म्हणून प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस बदलला. गाडी मुकाट झाली. मामा एकटेच खानापूर रोडला फिरवून आले. "सर, काई आवाज नाही."

घरी येताना आप्पा मागून म्हणाले, "दणकतंय."

खरं सांगतो, त्या क्षणी मी चिडलो. चार दिवसांनी चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला, मंगेशीला जायचं ठरलं होतं. मी म्हणालो, "आप्पा, तुम्हाला ऐकू काय येतं?" आईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

रात्री झोप लागेना. वाटलं, म्हातारपणी आधी बारीक, उंच आवाज जातात, जाड आवाज बराच काळ ऐकू येतात; शिवाय हे तर पाठीलाही जाणवतं. सकाळी आप्पांनाच मामांकडे नेलं. मामांनी विचारलं, "आप्पा, कुटं बसतासा?" मागे डावीकडे. "मग तिथंच बसा. मी एकटा चालवत हुतो, मागं वजनच नव्हतं!"

आप्पा बसले, मामा त्यांच्या शेजारी आणि मी चालवायला. खड्डा आला. दण्ण! मामांनी गाडी तिथंच थांबवली. परत आल्यावर खाली झोपून, वायर ब्रशनं चिखल आणि गंज खरवडून बॅटरीचा उजेड पाडला. डाव्या बाजूच्या पाट्यांतला मुख्य पाटा, डोळ्याजवळ, जवळजवळ आरपार चिरलेला. गाडी रिकामी असली की चीर मिटलेली. वजन पडलं की उघडायची आणि वर आपटायची. घाटातल्या वळणावर तो तुटता, तर मागचा अ‍ॅक्सल जागेवरून सरकला असता.

मामा उठले, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता आप्पांना म्हणाले, "चुकलं आमचं."

मी काही म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

दोन्हीकडचे पाटे बदलले, बुशही नवे घातले. गोवा आठवडाभर पुढे ढकलला. कणकुंबी मागे पडल्यावर सौ.नं मागं वळून विचारलं, "मावा, सप्पळ?"

"इल्लवा," आप्पा म्हणाले. मग कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि साखळीपर्यंत झोपले.