आवाज जनतेचा, मालकी कोणाची?

श्रुतलेखनाचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे की फुकटचे वापरावे, हा वादच फसवा आहे. विकाऊ ‘ड्रॅगन’ची मालक न्यूअन्स कंपनी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे १,९७० कोटी डॉलरना गिळंकृत केली. मक्तेदारीचा हा नित्यक्रमच! ब्राउझरमधील ‘फुकट’ सोयीत बोलणाऱ्याचा आवाज बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तीच तिची किंमत. याउलट २०२२ मध्येच खुले झालेले ‘व्हिस्पर’ स्वतःच्या संगणकावर इंटरनेटविना चालते आणि चुकतमाकत का होईना, मराठीही लिहून घेते. परंतु तेही घडले इंटरनेटवरून गोळा केलेल्या ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणांवर, म्हणजेच असंख्यांच्या बोलण्यावर. तेव्हा कसोटी दामाची नव्हे, ताब्याची आहे. जनतेच्या वाणीतून घडलेले साधन जनतेच्याच मालकीचे असले पाहिजे!