ऐतिहासिक कादंबरीची वेगळी चूल कशाला?

१/ ‘ऐतिहासिक कादंबरीला वाङ्मय पुरस्कारांत स्वतंत्र विभाग हवा’, ही मागणी आपल्या इतिहासप्रेमी मंडळींत वारंवार ऐकू येते. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि तिला माझा स्पष्ट विरोध आहे.

२/ आजची व्यवस्था अशी. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत कादंबरीचा पुरस्कार हरि नारायण आपटे यांच्या नावाचा, आत्मचरित्राचा लक्ष्मीबाई टिळकांच्या, इतिहासाचा शाहू महाराजांच्या. कादंबरीत पुन्हा पोटविभाग नाहीत. साहित्य अकादमीच्या मुख्य पुरस्कारात तर प्रकारांची वाटणीच नाही; भाषेला वर्षाला एक पुस्तक.

३/ ‘मग ऐतिहासिक कादंबरी मागे पडते’, असे म्हणतात. १९६४ साली अकादमीचा पुरस्कार ‘स्वामी’लाच मिळाला होता. विश्वास पाटलांना तो ‘पानिपत’साठी नव्हे, तर १९९२ साली ‘झाडाझडती’साठी मिळाला, हे मान्य. पण धरणग्रस्तांचा इतिहास लिहिणारा उद्याचा संशोधक या दोहोंपैकी कोणती कादंबरी उघडेल?

४/ खुद्द हरिभाऊंकडे पाहा. ‘उषःकाल’ शिवकाळावरची, म्हणून ऐतिहासिक. ‘पण लक्षात कोण घेतो?’ स्वतःच्या काळावरची, म्हणून सामाजिक. अशा कादंबऱ्यांना ते ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणत. आज एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा घरांतले बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण अभ्यासायचे तर मी यमूची कहाणी वाचतो. ‘उषःकाल’मधून शिवकाळापेक्षा १८९०च्या दशकातील सुशिक्षितांचे शिवकाळाविषयीचे स्वप्न अधिक कळते. (तेही मोलाचेच.) मग यांतली ऐतिहासिक कोणती? विभाग पाडणाऱ्यांनी कोणत्या सालाची पट्टी लावायची?

५/ आता आमच्या सोलापूर जिल्ह्यात या. अक्कलकोटात जन्मलेल्या त्र्यं. वि. सरदेशमुखांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला २००३ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. विषय संस्थानी नगरीचा. त्याच तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे. त्यांच्या ‘सनातन’ला २०२०चा सरस्वती सन्मान मिळाला, ती महार समाजाचा इंग्रजी अमदानीतला इतिहास कथेत आणते. दोन्हींत इतिहास काठोकाठ भरलेला. तरी दुकानात ‘ऐतिहासिक कादंबरी द्या’ म्हटले की विक्रेता यांतली एकही काढून देत नाही. आपल्याकडे ‘ऐतिहासिक’ या शब्दाचा अर्थ तख्त, तलवार आणि गडकोट एवढाच उरला आहे. कादंबरीचा काळाशी संबंध काय, हे कुणी विचारत नाही. नायक कोणत्या घराण्यातला, एवढेच पाहिले जाते. स्वतंत्र पुरस्कार दिला की या संकुचित अर्थावर परीक्षक मंडळाचीही मोहोर उठेल.

६/ दुसरा धोका आपल्या विद्याशाखेला. ‘स्वामी’तील संवाद रणजित देसाईंचे आहेत, माधवराव पेशव्यांचे नव्हेत. तरी कादंबऱ्यांतली वाक्ये ऐतिहासिक व्यक्तींची वचने म्हणून सर्रास फिरतात. उद्या मुखपृष्ठावर ‘ऐतिहासिक विभागातील सर्वोत्कृष्ट’ असे छापून आले, की लोक त्याला पुराव्याचे प्रमाणपत्र समजतील.

७/ मागणीच करायची तर लेखक-प्रकाशकांकडे करा: कोणती साधने वापरली आणि कल्पना कुठे सुरू होते, याची चार पाने कादंबरीच्या शेवटी जोडा. आणि तुमच्या गावच्या दुकानात ‘ऐतिहासिक’ फळीवर ‘सनातन’ दिसली असेल, तर दुकानाचे नाव खाली जरूर लिहा.