खुर्ची एक, कारभार दोघांचा

सरपंच आणि उपसरपंचाचे जमत नाही, अशी एक तरी ग्रामपंचायत तुमच्या आसपास असेलच. दोष आपण स्वभावाला देतो. पण जरा कायद्याकडेही पाहा. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. उपसरपंच मात्र सदस्यच निवडतात. म्हणजे सरपंच एका पॅनेलचा आणि उपसरपंच दुसऱ्याचा, असा संसार होऊ शकतो. काल एकमेकांविरुद्ध प्रचार केलेल्यांना आज एका टेबलाशी बसायचे असते.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने उपसरपंचाला शोभेचा केलेला नाही. सरपंच नसेल तेव्हा सभा चालवायची आणि सरपंच सोपवील ते अधिकार वापरायचे, हे त्याचे काम. ‘सोपवील’ हा शब्द नीट वाचा. विश्वासाची किल्ली तिथेच आहे आणि ती सरपंचाच्या हातात आहे.

आपल्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात तर याची गरज जास्तच. इथली माणसे सकाळची लोकल पकडून कामाला जाणारी. उल्हास नदी कुणाच्या परतीची वाट पाहत नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. आसपासचे गावकरीही मदतीला धावले. अशा वेळी ‘सरपंच आल्यावर बघू’ म्हणून चालेल काय?

तेव्हा सरपंचांनो, पाणीपुरवठा, दिवाबत्ती यातले एखादे काम उपसरपंचाकडे लेखी सोपवा आणि मग त्यात रोज लुडबुड करू नका. बँकेत सही तुमची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रामसेवकाची. म्हणूनच हिशेब मासिक सभेआधी उपसरपंचाला दाखवा. तोच हिशेब त्याला बाहेरून कळला, तर खरा असूनही खोटा वाटतो.

उपसरपंचांनो, तुमचेही चुकते. मतभेद सभेत बोला, इतिवृत्तात नोंदवून घ्या. नाक्यावरच्या टपरीवर नको. सव्वा-सव्वा वर्षाचा शब्द देऊन पद घेतले असेल, तर ठरल्या दिवशी राजीनामा द्या. पाळायचा नसेल तर शब्द देऊच नका.

अविश्वासाची नोटीस तहसीलदाराकडे एका दिवसात जाते. पण त्याआधी अविश्वास गावात कित्येक महिने मुक्कामाला असतो. चाहूल लागली की त्याच दिवशी दोघे समोरासमोर बसा. भांडण खुर्चीचे असते, पण कोरडा पडतो तो शेवटच्या घरचा नळ.